परदेशात परत मागवलेली बॅटरी आम्हाला ‘नवी’ म्हणून विकली

घरात सोलरसोबत लिथियम बॅटरी लावली असेल, तर आज मोबाइलमध्ये तिचं अॅप उघडून एकेका सेलचं व्होल्टेज बघा. आमची फसवणूक तिथेच उघडी पडली. दुकानदाराच्या तोंडून ती कधीच कळली नसती.

आम्ही नागपुरात मानेवाड्याकडे राहतो. छतावर तीन किलोवॅटचं सोलर आहे, सूर्यघर योजनेतलं. ७८,००० रुपयांची सबसिडी नीट जमा झाली, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण महावितरणची लाइट गेली की ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं सोलरही बंद पडतं, डोक्यावर कितीही ऊन असो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून करंट बसू नये म्हणून ते मुद्दामच तसं बनवलेलं असतं. पटतं. पण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला, कूलर बंद, आणि आतल्या खोलीत सासऱ्यांचं ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, तेव्हा पटून काय उपयोग? म्हणून हायब्रिड इन्व्हर्टर, म्हणजे लाइट गेली तरी सोलर आणि बॅटरीवर घर चालवणारा, आणि बॅटरी घ्यायचं ठरलं. बॅटरीला सबसिडी नसते, ती सगळी खिशातून. पाच किलोवॅट-तासांच्या बॅटरीला आम्ही सव्वा लाख मोजले. स्वस्तात मिळते म्हणून घेतलेली वस्तू नव्हे ही. पूर्ण भाव दिला, पक्कं बिल मागितलं, वॉरंटी कार्ड घेतलं.

बॅटरीवर दुकानाच्याच नावाचा चकचकीत स्टिकर होता: ‘एलएफपी, ५१.२ व्होल्ट, १० वर्षं वॉरंटी’. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, लिथियम बॅटरीची एक जात. कारागिरांनी ती जिन्याखाली बसवली, कारण वायर कमी लागते म्हणे. उन्हाळाभर चालली. मग दिवाळीला भाचा आला. तो हिंगणा एमआयडीसीत ई-रिक्षांच्या बॅटऱ्या दुरुस्त करतो. सहज म्हणून त्याने अॅप उघडलं आणि मला हाक मारली.

“मामी, हे एलएफपी नाही आहे. चौदाच सेल दिसून राहिले, अन् एकेक ४.१ वर आहे.”

त्याने समजावलं ते इथे लिहिते, कारण हे कुणालाही घरबसल्या बघता येतं. एलएफपीचा एक सेल साधारण ३.२ व्होल्टचा असतो आणि पूर्ण भरला तरी ३.६५ च्या वर नेत नाहीत. ५१.२ व्होल्टसाठी असे १६ सेल लागतात. दुसऱ्या जातीचा, म्हणजे एनएमसीचा (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेल ३.६-३.७ चा असतो आणि ४.२ पर्यंत भरतो. त्याचे चौदा जोडले की एकूण आकडा पन्नासच्या आसपासच येतो, त्यामुळे इन्व्हर्टरच्या स्क्रीनवरून काहीच फरक कळत नाही. एनएमसी म्हणजे वाईट माल असं नाही, पण तो एलएफपीपेक्षा कमी तापमानाला पेटतो, आणि आम्हाला तो विकलेलाच नव्हता.

मग त्याने नखाने स्टिकरचा कोपरा उचलला. खाली दुसरा स्टिकर. एका मोठ्या परदेशी कंपनीचा, तिकडच्या बाजारासाठी छापलेला, सीरियल नंबरसकट. तो नंबर कंपनीच्या साइटवर टाकला तर उत्तर आलं: हे युनिट रिकॉलमध्ये आहे, म्हणजे कंपनीने परत मागवलेलं आहे, चार्जिंग थांबवा, बंद करा. ईमेल केला, त्यालाही तेच उत्तर. म्हणजे आगीच्या भीतीने तिकडच्या कुणाच्या घरातून काढलेली वस्तू आमच्या जिन्याखाली नवी म्हणून आली होती, आणि तिच्यापासून दोन भिंती सोडून सासरे झोपत होते.

त्या कंपनीचं नाव घेणार नाही. तिने रिकॉल जाहीर करून आपलं काम केलं होतं. फसवलं ते इथल्या माणसाने. पण असे रिकॉल होतात हेच आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. एलजी एनर्जी सोल्युशनने डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत घरगुती बॅटऱ्या परत मागवल्या, ऑगस्ट २०२१ मध्ये तो आकडा सुमारे १०,००० वर नेला. २०१६ ते २०१९ दरम्यान बनलेल्या एलजीच्याच बॅटऱ्यांबद्दल ऑस्ट्रेलियातली ग्राहक यंत्रणा लोकांना वारंवार सावध करत आली आहे. त्यात वेगळ्या नावाने विकलेल्याही आहेत, कारण आतले सेल तेच. २०२५ मध्ये टेस्लाने पॉवरवॉल २ ही घरगुती बॅटरी आधी ऑस्ट्रेलियात आणि मग अमेरिकेत परत मागवली, अमेरिकेत सुमारे १०,५०० युनिट. त्यातल्या बऱ्याच त्यांनी दुरूनच रिकाम्या करून टाकल्या. आमची बॅटरी यांपैकी कुठली, असं काही मी सुचवत नाहीये. लक्षात घ्यायचं ते एवढंच की या रिकॉलमध्ये मालकाला बदलून मिळणारी बॅटरी फुकट आहे. तपासणीची फी नाही, नेण्या-आणण्याचं भाडं नाही.

आता आमचा दुकानदार. बर्डीवर दुकान, एसी केबिन, समोर थंड पाणी.

“ताई, तुम्ही कायले टेन्शन घेऊन राहिल्या? ते रिकॉल तिकडचं आहे. आपल्याकडचा लॉट वेगळा.”

मी दोन्ही स्टिकरचे फोटो दाखवले. मग सूर बदलला. म्हणे, अॅपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर लॉक करून देतो, काही होत नाही. हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण सेल बनतानाच आत दोष राहिला असेल आणि आतल्या आत शॉर्ट झालं, तर बॅटरीची बीएमएस, म्हणजे तिच्यावर लक्ष ठेवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा, बाहेरचं सर्किट तोडण्यापलीकडे काही करू शकत नाही. चार्ज कमी असेल तर धोका कमी होतो, जात नाही.

त्यानंतर फोन आला की कंपनीचा इंजिनिअर येऊन मॉड्यूल बदलून देईल, १८,००० रुपये लागतील. कोणती कंपनी, विचारलं तर उत्तर नाही. आणि मग एका संध्याकाळी न सांगता टेम्पो दारात. दोन पोरं, हातात छापील कागद: ‘ग्राहकाच्या विनंतीवरून जुनी बॅटरी परत घेतली, ग्राहकाचं समाधान झालं, यापुढे कोणतीही तक्रार नाही.’ इंग्रजीत. एकजण सही मागत होता, दुसरा आत जाऊन जुना स्टिकर खरवडायला लागला होता. भाचा घरात होता म्हणून बरं. आम्ही म्हटलं, सीरियल नंबर लिहून, शिक्का मारून पोच द्या आणि पैसे परत करा, आत्ता घेऊन जा. टेम्पो रिकामा गेला.

माझ्या मते खरी फसवणूक ही दुसरी होती. पहिल्यांदा सव्वा लाख गेले, पण या वेळी ते पुरावाच उचलून नेत होते. बॅटरी गेली, स्टिकर गेला, सही दिली, की तुमच्याकडे उरतं फक्त बिल. आणि आमच्या बिलावर काय लिहिलं होतं? ‘सोलर अॅक्सेसरीज, १ नग’. पक्कं बिल, जीएसटी सगळं, पण बॅटरी हा शब्दच नाही. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, आणि तो नंबर वस्तूवरच्या नंबराशी तिथेच उभं राहून जुळवून बघा.

आमच्या गल्लीत एक काकाजी आहेत, अग्निशमन सेवेतून निवृत्त. नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, तिथे त्यांचं प्रशिक्षण झालेलं. बॅटरी बघायला आले आणि बॅटरीकडे न बघता आधी जिन्याकडे बघून म्हणाले, “वरून खाली यायचा रस्ता एकच, अन् त्याच्याच खाली ठेवली?” वायर वाचवायला आमचा बाहेर पडायचा मार्ग कारागिरांनी धोक्यात घातला होता. काकाजींनी सांगितलं की अशा बॅटरीतून आधी फटफट किंवा फुसफुस आवाज येतो, पांढरा धूर येतो, थिनरसारखा वास येतो. तो नुसता धूर नसतो. त्यात हायड्रोजन असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन फ्लोराइडही असतं. बंद खोलीत साठला तर स्फोट होऊ शकतो. म्हणून खिडकी उघडायला, काय झालं ते बघायला आत जायचं नाही. माणसं बाहेर काढायची, जाताना दार ओढून घ्यायचं, १०१ ला फोन करायचा आणि पहिल्या वाक्यात ‘लिथियम बॅटरी’ सांगायचं, छतावर सोलर आहे हेही सांगायचं. मेन बंद केला तरी दिवसा पॅनेलकडून येणाऱ्या वायरीत करंट असतोच. घरातला पावडरचा सिलिंडर ज्वाळा दाबतो, सेलच्या आतली उष्णता तशीच राहते. विझलेली बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही परत पेटते.

त्याच आठवड्यात इलेक्ट्रिशियन बोलावून बॅटरी जवळजवळ रिकामी केली, तारा सोडवल्या, टर्मिनल टेपने बंद केले आणि ती मागच्या अंगणात, भिंतीपासून लांब, सावलीला नेऊन ठेवली. भंगारवाल्याने पैसे देऊ केले, दिली नाही. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार जुनी बॅटरी गोळा करून नीट विल्हेवाट लावायची जबाबदारी उत्पादकावर आहे. शिवाय भंगारात गेलेली ती परत कुणाच्या जिन्याखाली जाईल, याची मला खात्रीच वाटत होती. सासऱ्यांच्या मशीनसाठी सध्या जुनी ट्यूब्युलर बॅटरी आणि एक भरलेला ऑक्सिजन सिलिंडर.

कायद्याचं सांगते, कारण दुकानदार सगळ्यात जास्त खोटं याच बाबतीत बोलला. ‘विकलेला माल परत नाही’ असं बिलावर छापलं म्हणून तो नियम होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४७) मध्ये जुना, दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असं सरळ लिहिलेलं आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणंही त्यातच येतं. दुसऱ्याच्या मालावर स्वतःचा शिक्का लावणारा या कायद्याच्या नजरेत उत्पादकच ठरतो, ‘मी तर नुसता विक्रेता’ म्हणायची सोय उरत नाही. त्या बॅटरीने आग लागली असती, तर घराच्या आणि माणसांच्या नुकसानीसाठी त्याला धरता आलं असतं. ‘रिकॉल तिकडचं’ म्हणणाऱ्यांनी कलम २० वाचावं: धोकादायक माल परत मागवण्याचा आणि ग्राहकांना पैसे परत देण्याचा आदेश काढायचा अधिकार आपल्याकडच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे.

आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुकानदाराने उत्तरच दिलं नाही. मग स्पीड पोस्टाने नोटीस, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरून दाखल करता येते, आणि दुकान परगावचं असलं तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची. आमच्या तक्रारीसोबत दोन्ही स्टिकरचे फोटो, अॅपमधले चौदा सेलचे स्क्रीनशॉट, कंपनीचा ईमेल आणि तो न सही केलेला कागदही जोडला आहे. टेम्पोवाला पोरगा तो विसरून गेला होता.

नोटीस गेल्यावर बर्डीवरच्या दुकानाची पाटी बदलली. नवं नाव, नवा रंग, बाहेर ‘लिथियम होम बॅटरी’ तसंच. माझ्या नणंदेला तिथे कोटेशन घ्यायला पाठवलं. वरचं नाव वेगळं होतं, खालचा जीएसटी क्रमांक आमच्या बिलावरचाच. तोही कागद आता फाइलमध्ये आहे.