रुग्ण किती महिने रिफिल घेत राहतील? काप्लान-मायर, वायबुल की बीटा-जॉमेट्रिक

रक्तदाबाच्या गोळ्या आज सुरू करणाऱ्या 1000 जणांपैकी वर्षाने किती जण त्या घेत असतील, यावर दुकानाचा साठा ठरतो. उदाहरणादाखल 30 दिवसांच्या पहिल्या रिफिलला 700, दुसऱ्याला 560, तिसऱ्याला 476 जण आले असं धरू. सरासरी 78 टक्के दराने पुढे गुणत गेलं तर बाराव्या रिफिलला जेमतेम 51 उरतात. हा अंदाज चुकणारच, कारण टिकण्याचं प्रमाण 70, 80, 85 टक्के असं चढतं आहे. कच्चे गडी आधीच गळतात आणि मागे नेटाने घेणारे उरतात.

काप्लान-मायर (1958 ची, प्रत्यक्ष नोंदींवरून दर टप्प्याला किती टिकले ते काढणारी पद्धत) झालेलं चित्र नीट दाखवतं, गेल्या महिन्यात आलेल्याला उगाच ‘सोडला’ ठरवत नाही. पण शेवटच्या नोंदीपुढे ते काही सांगत नाही. तपासणीला घ्या, अंदाजाला नको.

वायबुलमध्ये (नोंदींवर गळतीचा एक वक्र बसवून तो पुढे नेणाऱ्या पद्धतीत) वरच्या आकड्यांवरून आकार-घटक, म्हणजे गळती वाढते की मंदावते हे सांगणारा आकडा, सुमारे 0.67 येतो. तो 1 पेक्षा कमी, म्हणजे गळती मंदावते आहे. बाराव्या रिफिलला साधारण 150. तारखा अनियमित असतील किंवा वय, औषधाची किंमत असे घटक जोडायचे असतील तर हीच पद्धत घ्या.

महिन्याच्या ठरावीक रिफिलसाठी आमची पसंती शिफ्टेड बीटा-जॉमेट्रिकला. यात प्रत्येक रुग्णाची सोडण्याची शक्यता वेगवेगळी धरतात. ‘न’व्या रिफिलला टिकण्याचा दर = (बीटा + न − 1) ÷ (अल्फा + बीटा + न − 1). अल्फा आणि बीटा हे नोंदींशी जुळवून काढायचे दोन आकडे. इथे अल्फा 0.6 आणि बीटा 1.4 घातले की तिन्ही दर तंतोतंत जुळतात, आणि बाराव्याला सुमारे 240 उरतात. हे दोन आकडे शोधायला एक्सेलचा सॉल्व्हर पुरतो. मात्र सोडलेला रुग्ण परत येतो हे या पद्धतीला ठाऊक नसतं.

150 आणि 240 मधला फरक मोठा आहे, म्हणून तीन टप्प्यांवर खरेदी ठरवू नका. नऊ महिन्यांच्या नोंदी जमल्यावर शेवटचे तीन लपवा, दोन्ही पद्धतींनी त्यांचा अंदाज काढा आणि जी जवळ जाईल ती ठेवा.

खरी गडबड बहुधा त्याआधीच होते. ‘सोडलं’ कधी म्हणायचं? गोळ्या संपल्यावर 60 दिवस रिफिल नाही, असा नियम असेल तर सोडल्याची तारीख गोळ्या संपल्याचीच लावा, साठाव्या दिवसाची नव्हे. लवकर नेलेल्या गोळ्या पुढच्या मुदतीत मोजा. ज्यांच्या गोळ्या गेल्या 60 दिवसांत संपल्या, त्यांचा निकाल लागलेला नाही. त्यांना सोडणाऱ्यांत टाकलं की गळती फुगते. आपल्याकडे अनेक जण दहा गोळ्यांची एकच पट्टी नेतात आणि पुढची कोपऱ्यावरच्या दुसऱ्या दुकानातून घेतात. अशांचा गट वेगळा काढूनच आकडे बसवा.