ब्रेकचा आवाज आणि जालन्यातील एक गॅरेज

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीजवळील एका छोट्या गॅरेजात आमची जुनी वॅगन-आर ब्रेकच्या आवाजासाठी दाखवली. दुसरीकडे आवाज ऐकताच ब्रेकचे पॅड (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर, म्हणजे चकतीवर, दाबले जाणारे तुकडे) बदलण्याचा सल्ला मिळाला होता. येथील मिस्त्रींनी मात्र आधी गाडी स्वतः चालवून पाहिली आणि आवाज हलक्या ब्रेकवर येतो की जोरात दाबल्यावर, पुढून येतो की मागून, हे बारकाईने विचारून घेतले.

पुढचे डावे चाक उतरवल्यावर आतल्या बाजूचे पॅड जवळपास पत्र्यापर्यंत झिजलेले आणि बाहेरचे निम्म्याहून अधिक शिल्लक असल्याचे दिसले. झीज अशी एकांगी असेल तर पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्याचा संशय घ्यावा, असे सांगून त्यांनी पीन हाताने ओढून दाखवली. ती जागची हलेना, कारण तिच्यावरचे रबर फाटून आत धूळ शिरली होती आणि ग्रीस वाळून खडखडीत झाले होते. नुसते पॅड बदलले असते, तर नवे पॅडही असेच झिजले असते. पिना साफ करून, नवे रबर बसवून त्यांना उष्णता सोसणारे ब्रेकचे ग्रीस लावले, दोन्ही पुढच्या चाकांचे पॅड जोडीने बदलले आणि डिस्कवरचे चरे खोल नसल्याने ती तशीच ठेवली. मागच्या ड्रममधील धूळ हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसली, हे विशेष आवडले. कारण ड्रममधील जुन्या लायनरमध्ये (ब्रेकच्या अस्तरात) ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ श्वासातून जाणे घातक असते.

गाडी सांगितल्यापेक्षा बरीच उशिरा मिळाली. बिलावर पॅडच्या कंपनीचे नाव नसते, ते आग्रहाने लिहून घ्यावे.