डोंगराच्या खुणेचे चार टायर

गाडीला टायर घ्यायचे असतील, आणि तुम्ही आमच्यासारखे विदर्भाच्या उन्हात गाडी चालवणारे असाल, तर हे एकदा पूर्ण वाचा. माझे अठ्ठावीस हजार गेले, त्याचं दुःख आहेच. पण त्या टायरांवर मी माझी दोन लेकरं आणि ऐंशीच्या घरातले मामाजी, म्हणजे माझे सासरे, बसवून पाच महिने फिरले, हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. घर परतवाड्याजवळच्या खेड्यात, शाळा मेळघाटाच्या पायथ्याशी. यांची नोकरी बाहेरगावी, त्यामुळे आठवडाभर गाडी माझ्याच हातात असते. सकाळी शाळा, आणि दर पंधरा दिवसांनी मामाजींना घेऊन अमरावतीचा दवाखाना. सात सीटर गाडी, टायरचा साईज १८५/६५ आर १५. २०२४ च्या नोव्हेंबरपर्यंत टायर पार गोटा झाले होते. अमरावतीच्या शोरूममध्ये विचारलं तर चार टायर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग धरून चोवीस हजारांच्या आसपास सांगितले. आंबिया बहाराची संत्री नुकतीच व्यापाऱ्याला दिली होती, पैसे हातात होते. घ्यायला हवे होते तिथेच.

तेवढ्यात व्हॉट्सॲपवर एका दुकानाचे फोटो आले. आमच्याच भागातलं दुकान, नाव मी लिहीत नाही. ‘इम्पोर्टेड टायर, अलॉय रिमसकट, पूर्ण सेट २८,०००, जुनी चाकं एक्सचेंज.’ चार हजार जास्त देऊन रिमही नवी मिळतात म्हटल्यावर कोणालाही वाटेल की सौदा चांगला आहे. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी आणि मामाजी गेलो.

टायर काळेभोर चकचकीत होते. नक्षी आपल्याकडच्या टायरांपेक्षा वेगळी, खोल, बाणाच्या टोकासारखी. आणि प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा. बाजूला एक छोटी खूण होती : तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात बर्फाचं सहा पाकळ्यांचं फूल. मी त्या खुणेवर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे?

दुकानदार म्हणाला, “मॅडम, डोंगर काढला आहे न त्याच्यावर? हा टायर डोंगरासाठीच बनलेला आहे. तुमी चिखलदऱ्याच्या बाजूनं जाता-येता, तुमाले याच्याहून चांगला टायर भेटणारच नाही.” मग माझ्यासमोर त्याने अंगठा रबरावर दाबला. “पाहा किती मऊ आहे. मऊ रबर रोडले धरून ठेवते.”

फसवणारा माणूस नेहमी सगळंच खोटं बोलत नाही, हे मला तिथे कळलं नाही. खूण खरी होती. रबर खरंच मऊ होतं. त्याने फक्त खऱ्या खुणेचा अर्थ फिरवून सांगितला आणि मी मान डोलावली.

मामाजी मागे खुर्चीवर बसले होते. ते म्हणाले, “इतका चांगला माल इतक्या सस्त्यात काहून देऊन राहिला बा?” त्यावर उत्तर तयारच होतं : “काकाजी, पक्कं बिल घेतलं तर अठ्ठावीस टक्के जीएसटी जोडावा लागते. आपण घरचे लोक, एस्टिमेटवर देतो.” तेव्हा टायरवर २८ टक्के जीएसटी होताच, म्हणून तेही खरं वाटलं. (२२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे. आता कोणी २८ टक्क्यांची भीती घालून कच्च्या बिलावर माल देत असेल, तर तिथूनच परत फिरा.) मामाजींना मी हातानेच गप्प राहायची खूण केली. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने विचारलेला तो एकमेव नेमका प्रश्न होता.

वीस हजार मी फोनवरून पाठवले, आठ हजार रोख दिले. तासाभरात चाकं बसली, जुनी चाकं रिमांसकट त्याच्या दुकानात राहिली. हातात आला तो वहीचा फाडलेला कागद, त्यावर ‘टायर सेट ४ नग’ एवढंच.

पहिले दोन महिने काही जाणवलं नाही. थंडी होती, पहाटे शाळेला निघताना काचेवर दव असायचं. एकच त्रास, सत्तर-ऐंशीच्या पुढे गेलं की स्टेअरिंग थरथरायचं. दोनदा बॅलन्सिंग करून घेतलं, फरक पडला नाही. होळीनंतर ऊन चढलं तशी गाडी बदलली. वळणावर ती पोहत असल्यासारखी हलायची, स्टेअरिंग फिरवल्यावर क्षणभर उशिरा वळायची. ब्रेक दाबल्यावर थांबायला जास्त रस्ता लागायचा. एकदा रस्त्यात आडवी आलेली बकरी अगदी थोडक्यात वाचली. पेट्रोलही जास्त जाऊ लागलं. यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, नवे टायर आहेत, बसतील हळूहळू. एप्रिलअखेर खाचा निम्म्याहून जास्त झिजल्या होत्या, आणि जेमतेम सात हजार किलोमीटर झाले होते.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात अमरावतीहून परत येत होते. दुपारचे दोन, पारा चव्वेचाळीसवर, डांबर वितळून चकाकत होतं. पूर्णेचा पूल ओलांडून थोडं पुढे आलो आणि मागच्या चाकातून धपधप असा आवाज सुरू झाला, जसं कोणी ओल्या गोणपाटाने गाडीला झोडपतंय. गाडी एका बाजूला ओढायला लागली. वेग साठच्या आतच होता म्हणून बाजूला घेता आली. उतरून पाहिलं तर मागच्या उजव्या टायरचा वरचा थर हातभर उचकटून लोंबत होता आणि आतली तार उघडी पडली होती. मामाजी मागच्या सीटवर होते. त्या चाकाच्या बरोबर वर.

स्टेपनी जुनीच होती, लोखंडी रिमची. जॅक लावला, चाक काढलं, तर तिला अलॉयचे नट नीट बसेनात. दुकानदाराने जुने नट परत दिलेच नव्हते. एका टेम्पोवाल्या दादाने जवळच्या पंक्चरवाल्याला फोन करून बोलावलं. तो पोरगा मोटारसायकलवर नट आणि पाना घेऊन आला, उन्हातच मांडी घालून बसला आणि काढलेलं चाक उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, “मॅडम, हे टायर कोणं देले तुमाले? हे तं बर्फाचे टायर आहेत. आन् हे पाहा, तारीख.”

चाकाच्या आतल्या बाजूला, गाडीला लागून असते त्या बाजूला, डीओटी अशा अक्षरांच्या ओळीच्या शेवटी एका छोट्या लंबगोलात चार आकडे होते : ३८१४. त्याने बोटाने माती पुसून मला वाचायला लावलं. पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २०१४ सालचा अडतिसावा आठवडा. मी ‘नवे’ म्हणून घेतले तेव्हा ते टायर दहा वर्षांचे होते. चकचकीत पॉलिश निघून गेल्यावर खाचांच्या तळाशी वाळलेल्या काळ्या मातीच्या शेतासारख्या भेगा दिसत होत्या. रबर पडून राहिलं तरी म्हातारं होतं, आणि आतले थर एकमेकांना धरून राहत नाहीत.

चार आकड्यांची ही तारीख बहुतेक टायरांवर एकाच बाजूला असते. त्याने चारही टायर तारीख आत राहील असे बसवले होते. पण हे टायर एकाच दिशेने फिरायचे होते, बाजूला तसा बाण असतो. तारीख लपवायची म्हणून एका बाजूचे दोन टायर उलटे चढवले होते, त्यांचे बाण मागे बघत होते. पाच महिने मी रोज त्या गाडीत चढले-उतरले. बाण डोळ्यासमोर होता.

रात्री मोठ्या नणंदेच्या मुलाला फोटो पाठवले. तो जर्मनीत नोकरी करतो. त्याने लगेच फोन केला. “मामी, हे आमच्याकडचे हिवाळी टायर आहेत. मी दरवर्षी ऑक्टोबरात लावतो आणि ईस्टर झाला की काढून ठेवतो.” तिकडे रस्त्यावर बर्फ असताना किंवा रस्ता गोठलेला असताना हिवाळी टायरशिवाय गाडी चालवणं कायद्याने चालत नाही, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तर डोंगर-बर्फफुलाची हीच खूण लागते, नुसतं ‘एम प्लस एस’ (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं चालत नाही. तिथे बरेच लोक हिवाळ्याची चाकं रिमसकट वेगळीच ठेवतात. उन्हाळी टायरचं रबर सात अंशांच्या खाली कडक होऊन पकड सोडतं, म्हणून हिवाळी टायरचं रबर मुद्दाम मऊ करतात. त्या बारीक चिरा बर्फाला चावा घेण्यासाठी. आपल्याकडे तापलेल्या डांबरावर तेच मऊ ठोकळे लवतात, डुलतात आणि खोडरबरासारखे झिजतात. म्हणूनच गाडी पोहत होती. टायर वाईट नव्हता, तो चव्वेचाळीस अंशांसाठी केलेलाच नव्हता. आणि वरून दहा वर्षांचा.

स्टेअरिंगच्या थरथरीचं कारण परतवाड्याच्या एका जुन्या मिस्त्रीने सांगितलं. अलॉयच्या मधलं भोक आमच्या गाडीच्या हबपेक्षा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागापेक्षा, मोठं होतं. अशा वेळी मध्ये रिंग टाकून ते घट्ट बसवावं लागतं, नाहीतर चाक नटांच्या भरवशावर जरा बाजूला बसतं आणि कितीही बॅलन्सिंग केलं तरी हलतं. रिंग टाकलीच नव्हती.

मी दुकानात गेले. तो म्हणाला, वापरलेला माल परत होत नाही, आणि तुम्ही बघूनच घेतला होता. जुन्या रिम मागितल्या तर त्या विकून झाल्या होत्या. मामाजी एवढंच म्हणाले, “लेका, पाह्यलं तं तिनं, पण सांगतलं तं तू होतं.” तो आत निघून गेला.

मी गप्प बसले नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली, पण दुकानदाराने काहीच दाद दिली नाही. मग वकिलांकडून नोटीस दिली आणि अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पक्कं बिल नव्हतं, तरी वीस हजारांच्या पेमेंटची नोंद, व्हॉट्सॲपवर त्याने पाठवलेले फोटो आणि ‘ब्रँड न्यू इम्पोर्टेड’ हे त्याचे शब्द माझ्याकडे होते. म्हणून सांगते, असे मेसेज पुसू नका. रोख दिलेल्या आठ हजारांचा मात्र माझ्याकडे काहीच पुरावा नाही.

नंतर अमरावतीहून पक्क्या बिलावर साधे, इथलेच टायर घेतले. चढवायच्या आधी प्रत्येक टायर जमिनीवर आडवा करून दोन्ही बाजू मोबाइलच्या उजेडात वाचल्या. तारीख चार महिन्यांपूर्वीची होती. आयएसआयचं चिन्ह आणि त्यासोबत आयएस १५६३३ हा आकडा होता. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या कारच्या टायरवर तो लागतो. त्या चार टायरांवर तो कुठेच नव्हता. त्या टायरांचा साईज मात्र तंतोतंत जुळत होता, वजनाचा आकडाही ८८, म्हणजे एका टायरवर ५६० किलो, तोही बरोबर होता. साईज जुळला की काम झालं, असं मला वाटायचं. दुकानातला पोरगा जरा वैतागला, गिऱ्हाईकं खोळंबली होती. मी म्हटलं, भाऊ, थांब थोडा. जुन्या लोखंडी रिम भंगारवाल्याकडून चार मिळाल्या, त्यावरच बसवले.

ते बर्फाचे टायर अजून आमच्या गोठ्यात आहेत. वकिलांनी सांगितलंय, निकाल लागेपर्यंत विकू नका. मामाजींनी त्यातल्या उचकटलेल्या टायरवर ३८१४ भोवती खडूने गोल काढून ठेवला आहे आणि गावात कोणी टायर घ्यायला निघालं की त्याला आधी गोठ्यात नेऊन तो आकडा वाचायला लावतात.