लॅपटॉप न नेता १९ दिवस: फोन, हब आणि छोट्या एसएसडीवर फोटोंचा बॅकअप

आधी निकाल सांगते, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. फोन, एक यूएसबी-सी हब (फोनच्या एका पोर्टला अनेक गोष्टी जोडणारी डबी) ज्याला कॅमेऱ्याच्या एसडी कार्डचा स्लॉट आहे, आणि एक छोटी एसएसडी (आत फिरणारे भाग नसलेली डिस्क), एवढ्यावर १९ दिवसांच्या प्रवासातले सगळे फोटो नीट घरी आले, एकही गेला नाही, आणि लॅपटॉपची एकदाही आठवण झाली नाही. पण हे आपोआप होत नाही, रोज रात्री पंधरा-वीस मिनिटं द्यावी लागतात आणि दोन-तीन गोष्टी न चुकता कराव्या लागतात, त्या नाही केल्या तर हा सेट असून नसल्यासारखा आहे.

मी हे एवढं मनापासून का लिहितेय तर तीन वर्षांपूर्वी माझे ३४० फोटो गेलेत. बाबांना घेऊन केलेला पहिला मोठा प्रवास होता. तेव्हा माझ्याकडे एक वायफायवाली डिस्क होती, कंपनीचं नाव नको, त्यात कार्ड घालायचं, बटण दाबायचं, दिवा लुकलुकत राहतो आणि स्थिर झाला की कॉपी झाली, असं मॅन्युअलमध्ये लिहिलेलं. दिवा स्थिर झाला, मी कार्ड फॉरमॅट केलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच कार्डावर फोटो काढले. घरी येऊन बघितलं तर त्या दिवसाच्या फोल्डरमध्ये निम्म्याच्या पुढच्या सगळ्या फाइल्स शून्य केबीच्या, नाव आहे पण आत काहीच नाही. बाबा समुद्राच्या पाण्यात पहिल्यांदा उतरले ते फोटो त्यातच होते. त्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही, पण मला ते अजून टोचतं.

म्हणून यावेळी ठरवलं होतं की बॅकअप झालाय हे दिव्यावरून नाही, डोळ्यांनी बघून ठरवायचं. मला तर वाटतं या सेटचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, डिस्कवरचा फोटो फोनच्या स्क्रीनवर उघडून बघता येतो. वीस वर्षांपूर्वी एप्सनचं पी-२००० नावाचं यंत्र होतं, ४० जीबीची हार्ड डिस्क आणि ३.८ इंचाचा स्क्रीन, कार्ड घालून कॉपी करायचं आणि तिथेच फोटो बघायचे. पुढे बिनस्क्रीनच्या डब्या आल्या, स्वस्त आणि हलक्या, पण नेमकी बघण्याची सोय गेली. आता तो स्क्रीन आपल्या खिशातच असतो तर तो वापरायचा.

आता सामान. एसएसडी घेतली सॅमसंगची टी७ शील्ड, १ टीबी. वजन ९८ ग्रॅम, बाहेरून रबर, आयपी६५ रेटिंग म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे चालतात, पाण्यात बुडवायची मात्र नाही. साधी फिरणारी हार्ड डिस्क का नाही, तर एक म्हणजे आत फिरणारे भाग असतात आणि बॅगेत आपटते, आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, ती सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते आणि फोनच्या पोर्टमधून तेवढा मिळेलच असं नाही, मग डिस्क नुसती टिकटिक करते आणि दिसतच नाही. एसएसडीला कमी लागतो. तरी आयफोन १५ पासूनच्या यूएसबी-सी पोर्टमधून बाहेर फक्त ४.५ वॉट मिळतात, त्यात हब, कार्ड आणि एसएसडी तिघांना भागवायचं म्हणजे भरवसा नको, म्हणून हब असा घ्यायचा की ज्याला चार्जरची पिन लागते आणि तो फोनलाही चार्ज करतो. पॉवर बँक लावली तरी चालतं, मी बहुतेक वेळा तेच केलं.

हबच्या बाबतीत मला ठेच लागली. पहिला हब हातात धरवणार नाही इतका तापायचा आणि मध्येच डिस्क गायब व्हायची, तो निघायच्या आधीच परत केला. दुसरा चांगला निघाला पण त्यातही एक गोष्ट कळली जी बॉक्सवर कुठे लिहिलेली नसते: कॉपी चालू असताना चार्जरची वायर लावली किंवा काढली तर हब क्षणभर बंद होऊन परत सुरू होतो आणि कॉपी तुटते. बऱ्याच हबांचं असं होतं. त्यामुळे आधी पॉवर लावा, मग डिस्क, मग कार्ड, आणि कॉपी संपेपर्यंत कशालाही हात लावू नका. आणि संपल्यावर फोनमध्ये इजेक्टचा पर्याय असेल तर तो दाबून मगच वायर काढा, कारण या डिस्क एक्सफॅट फॉरमॅटमध्ये (फॉरमॅट म्हणजे इथे डिस्कवर फाइल्स मांडून ठेवायची पद्धत) येतात आणि एक्सफॅटला जर्नलिंग नसतं, म्हणजे अर्धवट राहिलेलं लिखाण स्वतःहून सावरायची सोय त्यात नाही.

फॉरमॅटचं घरीच बघून घ्या हे मी हात जोडून सांगते. एक्सफॅट असेल तर आयफोनला चालतं (आयओएस १३ पासून, २०१९ मध्ये, फाइल्स ॲपमध्ये बाहेरची डिस्क दिसायला लागली), नव्या अँड्रॉइड फोनांपैकी बहुतेकांना चालतं, पण सगळ्यांना नाही. घरात पडलेली जुनी डिस्क उचलून नेणार असाल आणि ती विंडोजवर एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली असेल तर आयफोन तिच्यावर लिहिणार नाही, आणि मॅकसाठी एपीएफएस केलेली असेल तर अँड्रॉइडला ती वाचताच येणार नाही. फॅट३२ चालतं सगळीकडे पण ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, व्हिडिओ काढणाऱ्यांना ते उपयोगाचं नाही. आणि एसएसडीला पासवर्ड लॉक लावणार असाल तर लावल्यावर ती तुमच्या फोनवर उघडते का ते निघायच्या आधी करून बघा.

माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, रॉ (कॅमेऱ्याची कच्ची मूळ फाइल) आणि जेपेग (नेहमीची फोटो फाइल) दोन्ही काढते, एका क्लिकला साधारण ३५ एमबी. १९ दिवसांत ३,८०० च्या आसपास क्लिक झाले म्हणजे १३३ जीबी. ६४ जीबीची चार कार्डं नेली होती, त्यामुळे एकही कार्ड प्रवासात फॉरमॅट केलं नाही. हे मला सगळ्यात पटलेलं काम आहे, कार्ड पुसून परत वापरलं की तुमच्याकडे परत एकच कॉपी उरते, फक्त ती कार्डाऐवजी डिस्कवर असते, मग बॅकअप कुठे राहिला? कार्डाचं वजन काय असतं, दोन जास्त न्या.

रोज रात्रीचं काम असं: कार्ड कॅमेऱ्यातून काढलं की आधी त्याच्या कडेचं छोटं लॉक खाली सरकवायचं. त्याने सहसा फोन कार्डावर काही लिहू किंवा पुसू शकत नाही. काही अँड्रॉइड फोन कार्ड दिसलं की त्यावर स्वतःचे फोल्डर बनवतात, तेही होत नाही. आणि समजा झोपेत 'कॉपी'ऐवजी 'मूव्ह' दाबलं गेलं तरी मूळ फोटो जागेवर राहतात. मायक्रो एसडीला हे लॉक नसतं, तिथे जरा जास्त सावध राहायचं. मग डिस्कवर त्या दिवसाचा फोल्डर, 'दिवस-०७-कार्ड-ब' असा, आणि त्यात डीसीआयएम फोल्डर (कॅमेरा कार्डावर ज्यात फोटो ठेवतो तो) आख्खा कॉपी, निवडत बसायचं नाही. वेगळा फोल्डर यासाठी की माझा आणि सोबत आलेल्या ताईचा कॅमेरा एकाच कंपनीचा, दोघींच्या फाइलची नावं सारखीच येतात, शिवाय कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ झाला की परत ०००१ पासून सुरू होतो. एकाच फोल्डरमध्ये सगळं टाकलं आणि फोनने विचारलं 'रिप्लेस करू का' आणि तुम्ही घाईत हो म्हणालात की गेले.

कॉपी चालू असताना स्क्रीन बंद होऊ द्यायची नाही. माझ्या फोनवर स्क्रीन लॉक झाली की कॉपी कधी चालू राहायची कधी थांबायची, दोनदा असं झाल्यावर मी स्क्रीन बंद व्हायची वेळ ३० मिनिटांवर केली आणि फोन उशाशी ठेवून डायरी लिहीत बसायचे. रोजचे ७ जीबी तीन-चार मिनिटांत व्हायचे. ताईचा आयफोन १५ आहे, त्या मॉडेलचा पोर्ट यूएसबी २ च्या वेगाचा म्हणजे ४८० मेगाबिट, आणि कार्डावरून वाचणं आणि डिस्कवर लिहिणं दोन्ही त्याच वायरीतून, त्यामुळे तिचे २० जीबी व्हायला वीस मिनिटं लागली एका रात्री. १५ प्रोला यूएसबी ३ आहे, तिथे हा त्रास नाही. पण खरं सांगायचं तर वीस मिनिटांनी काही बिघडत नाही, रात्रच असते.

मग तपासणी. कार्डावरच्या फोल्डरमध्ये किती फाइल्स आणि एकूण किती जागा, डिस्कवरच्यात किती, दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. नुसती फाइलींची संख्या बघू नका, माझ्या त्या ३४० फोटोंची संख्या बरोबर जुळली असती, आत काही नव्हतं एवढंच. त्यानंतर पहिला, मधला कुठलाही आणि शेवटचा फोटो डिस्कवरून उघडून झूम करून बघायचा. रॉ फाइल बऱ्याच फोनांच्या फाइल मॅनेजरमध्ये दिसत नाही, म्हणून सोबत जेपेग काढायचं. एकेक बाइट जुळवणारी खरी पडताळणी चेकसमने (फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला आकडा, जो दोन्ही कॉप्यांचा सारखाच यावा लागतो) होते, ती फोनवरच्या साध्या कॉपी-पेस्टमध्ये होत नाही, ती एक उणीव या पद्धतीत आहे हे मान्य. कार्ड न पुसता ठेवलेलं असलं की त्या उणिवेची भीती बरीच कमी होते.

क्लाउडवर का नाही टाकत सगळं, हा प्रश्न मला प्रवासातही दोघांनी विचारला. हिशोब करा. १३३ जीबी, अपलोडचा वेग १० मेगाबिट, आणि तो सलग मिळाला, तरी ३० तासांच्या जवळ जातं. मुक्कामाच्या ठिकाणच्या वायफायवर तो सलग मिळत नाही. गूगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ ला संपली, आता १५ जीबीत मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं, म्हणजे माझ्या हिशोबाने सव्वाचारशे क्लिक. आयक्लाउडला फुकट ५ जीबी. आणि एक गैरसमज फार जणांचा असतो: या ॲपमध्ये फोनवरचा फोटो पुसला की क्लाउडवरचाही पुसला जातो, ते दोन्हीकडे सारखं ठेवणारं सिंक आहे, तिजोरी नाही. काही दिवस ट्रॅशमध्ये राहतो, मग तोही जातो. तरीही मी रोज वीस-पंचवीस आवडते फोटो कॅमेऱ्याच्या वायफायने लहान करून फोनवर घेऊन क्लाउडवर टाकत होते, कारण सगळ्या बॅगाच गेल्या तर निदान आठवणीपुरतं काहीतरी उरावं.

बॅगांवरून आठवलं, डिस्क आणि कार्डं एकाच पाऊचमध्ये ठेवू नका. डिस्क ताईच्या बॅगेत, भरलेली कार्डं माझ्या अंगावरच्या पाकिटात. हे आम्ही पहिल्या दिवशीच ठरवलं आणि शेवटपर्यंत पाळलं.

तेराव्या दिवशी त्याचा उपयोगही झाला. कार्ड ब, जे सातव्या दिवशीच काढून बाजूला ठेवलं होतं, ते ताईला काही दाखवायला म्हणून कॅमेऱ्यात घातलं तर 'कार्ड वाचता येत नाही, फॉरमॅट करा' असा मेसेज. पोटात गोळा आला. फॉरमॅट अर्थातच नाही केलं, कार्ड काढून वेगळ्या पुडीत ठेवलं, कारण त्यावर नवीन काही लिहिलं नाही तर घरी जाऊन रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने फोटो बऱ्याचदा परत मिळतात. मग डिस्क लावली, 'दिवस-०७-कार्ड-ब' उघडला, आणि एकेक फोटो सरकवत पूर्ण फोल्डर बघितला, सगळे होते. त्याच रात्री तो फोल्डर माझ्या फोनच्या मेमरीत पण कॉपी करून घेतला, कारण आता त्याची एकच कॉपी उरली होती.

कोणासाठी नाही हेही सांगते. रोज १००-१५० जीबी व्हिडिओ काढत असाल तर फोनवरून हे जमणार नाही, लॅपटॉपच न्या. फक्त मोबाइलने फोटो काढत असाल तर हबचीही गरज नाही, एसएसडी सरळ फोनला लावा आणि आठवड्यातून दोनदा कॉपी करा. कॅमेऱ्याला दोन कार्डांचे स्लॉट असतील तर दोन्हीवर एकदम लिहायची सेटिंग चालू करा, पण दोन्ही कार्डं एकाच कॅमेऱ्यात असतात आणि कॅमेरा हरवू शकतो, म्हणून डिस्क तरी न्याच.

पुढच्या वेळी मी दोनच गोष्टी बदलणार आहे. डिस्कची वायर, ती एकच होती आणि ती तुटली असती तर सगळं अडलं असतं, म्हणून दोन नेणार. आणि दुसरी एक छोटी एसएसडी, ताईच्या बॅगेतल्या डिस्कची कॉपी म्हणून. बाबा परत येणार आहेत सोबत.