झॅक ईडीच्या जोडीला कोण: गिलिस की कॉफमन-रेन?

मार्च 2023 मध्ये राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेत सोळाव्या मानांकित फेअरली डिकिन्सन विद्यापीठाकडून हरलेल्या अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघापुढे नव्या हंगामाआधी खरा प्रश्न हाच होता, की 7 फूट 4 इंच उंचीच्या झॅक ईडीच्या जोडीला सुरुवातीला कोणाला उतरवावे. मेसन गिलिस दुरून नेम साधणारा, त्यामुळे ईडीभोवती गर्दी करणाऱ्या बचावपटूंना बाहेर येणे भाग पडे. ट्रे कॉफमन-रेन मात्र बास्केटजवळच, म्हणजे ईडीच्याच जागेत वावरणारा. कागदावर गिलिसच सरस होता, आणि माझे मतही त्यालाच पडले असते. तरीही राखीव फळीत एक नेमबाज हवाच होता. प्रशिक्षक मॅट पेंटर यांनी सुरुवातीचे स्थान कॉफमन-रेनला दिले. गिलिस पुढे बिग टेन या पर्ड्यूच्या विद्यापीठ-गटातील सर्वोत्तम राखीव खेळाडू ठरला.