बोटॉक्स घेतलं त्याला सात महिने झाले

गेल्या नोव्हेंबरात कपाळाला बोटॉक्सची इंजेक्शनं घेतली. आता जून लागलाय, शाळा उघडल्यात आणि औषधाचा परिणाम चेहऱ्यावरून पूर्ण उतरलाय. डिसेंबरात लिहायला बसले असते तर नुसता राग उतरला असता, म्हणून थांबले होते.

मी ४६ वर्षांची, नाशिकला माध्यमिक शाळेत शिकवते. दोन भुवयांच्या मध्ये दोन उभ्या आठ्या कायमच्या बसल्या होत्या. स्टाफरूममध्ये दोन दिवसांआड कुणीतरी विचारायचं, "मॅडम, बरं नाही का?" डिसेंबरात भाचीचं लग्न होतं. त्याआधी पार्लरमध्ये केसांना 'हेअर बोटॉक्स' करून घेतलं होतं, ते छान जमलं होतं. तिथल्या ताई म्हणाल्या, "आता चेहऱ्यालाही करून घ्या की." मी नावावर गेले. केसांच्या त्या प्रकारात बोट्युलिनम टॉक्सिन, म्हणजे बोटॉक्समधलं मूळ औषध, नसतंच, तो कंडिशनरसारखा लेप असतो. चेहऱ्यात टोचतात ते खरंखुरं औषध असतं, नसेकडून स्नायूला जाणारा संदेश अडवणारं. हा फरक मला सुई टोचून घेण्याआधी माहीत नव्हता. कुणी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही.

त्वचेच्या क्लिनिकमध्ये डॉक्टरांनीच इंजेक्शनं दिली. भुवयांच्या मध्ये ५ ठिकाणी मिळून २० युनिट, कपाळावर १० युनिट. दहा मिनिटांत काम झालं. युनिटमागे ३५० रुपये, म्हणजे १०,५०० रुपये. चार तास आडवं पडू नका, कपाळ चोळू नका, एवढं सांगून घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या दिवशी अंग मोडून आलं, कणकण वाटायला लागली. थर्मामीटर लावला तर ताप नाही. वह्या तपासायला बसले की मान टाकाविशी वाटायची. असे नऊ दिवस गेले. क्लिनिकला फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "लग्नाची दगदग असेल." त्या वाक्याने मला सगळ्यात जास्त दुखावलं. दगदग होतीच, पण दगदगीची कणकण कशी असते हे २० वर्षं शाळा आणि घर सांभाळणाऱ्या बाईला कळतं.

सहाव्या दिवशी आरशात पाहिलं तर डावी पापणी अर्ध्यावर आलेली. कपाळात टोचलेलं औषध थोडं खाली उतरून पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोचलं की असं होतं. औषधाच्या मूळ चाचण्यांमध्ये हा त्रास शंभरात साधारण तिघांना झाल्याची नोंद आहे. त्या तिघांपैकी आपण असलो की आकड्याचा काही आधार वाटत नाही. लग्न बाराव्या दिवशी होतं. मंगलाष्टकांच्या वेळच्या प्रत्येक फोटोत माझा डावा डोळा पेंगलेला आहे. भाचीने एका शब्दाने विचारलं नाही, फक्त फोटोग्राफरला म्हणाली, "मावशीला उजव्या बाजूने घ्या."

लग्न आटोपल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. हे आधीच करायला हवं होतं. एकाचे दोन दिसतात का, गिळताना अडकतं का, बोलताना जीभ जड होते का, श्वास लागतो का, असं त्यांनी एकेक विचारलं. माझं उत्तर प्रत्येकाला 'नाही' होतं. यातलं काहीही असेल तर वाट न पाहता थेट मोठ्या हॉस्पिटलला जायचं, असं त्यांनी बजावलं, कारण टॉक्सिन लांब पसरल्याची लक्षणं काही तासांत किंवा काही आठवड्यांनीही दिसू शकतात. अमेरिकेतल्या औषध नियंत्रकांनी २००९ पासून तसा ठळक इशारा औषधाच्या माहितीपत्रकावर छापायला लावला आहे. भुवयांमधल्या २० युनिटसारख्या ठरलेल्या मात्रेत असा गंभीर प्रकार नक्की झाल्याची नोंद नाही, हेही त्याच माहितीपत्रकात आहे. दोन्ही वाचल्यावर मी जरा शांत झाले. पापणी एक-दोन मिलिमीटर उचलणारे थेंब त्यांनी लिहून दिले, त्याने वर्गात उभं राहण्याइतपत फरक पडला.

फिलर, म्हणजे सुरकुती भरून काढायला त्वचेखाली टोचतात ते जेल, आणि बोटॉक्स लोक एका दमात बोलतात, म्हणून सांगते. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर बिघडलं तर हायल्युरॉनिडेज नावाचं एन्झाइम टोचून ते विरघळवता येतं. बोटॉक्सला तसा उतारा नाही. एकदा आत गेलं की नसांचं काम पूर्ववत होईपर्यंत, म्हणजे तीन-चार महिने, ते सोसायचं.

पापणी पाचव्या आठवड्यात जागेवर आली. थकवा मात्र सात आठवडे राहिला. तो सगळा इंजेक्शनांमुळेच होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. रक्त तपासलं तेव्हा थायरॉइड ठीक होतं, बी-१२ जरा कमी निघालं. चाचण्यांमध्ये नुसतं सलाइन टोचलेल्यांनाही डोकेदुखी झाली होती. पण डोकेदुखी, फ्लूसारखी कणकण, पापणी उतरणं हे सगळं माहितीपत्रकात छापलेलं आहे. मला ते एकदा तरी वाचून दाखवायला हवं होतं.

आठ्या गेल्या का? गेल्या. साडेतीन महिने कपाळ इस्त्री केल्यासारखं होतं आणि बरं नाही का म्हणून विचारणं थांबलं. पण मी शिक्षिका आहे. मागच्या बाकावर कुजबुज झाली की माझी नुसती भुवई वर जायची आणि वर्ग गप्प व्हायचा. ती भुवई हलेचना. कौतुक करताना कपाळ ढिम्म, रागावताना ढिम्म. सातवीतल्या एका मुलीने वही पुढे करून हळूच विचारलं, "बाई, तुम्ही रागावलात का?" तिचं गणित बरोबर होतं आणि मी मनापासून खूश होते. त्या दिवशी घरी येऊन मी रडले.

आता चीड एकाच गोष्टीची आहे. क्लिनिकच्या कार्डावर 'कपाळ, ३० युनिट' आणि रक्कम, एवढंच लिहिलंय. कोणत्या कंपनीचं औषध, बॅच नंबर काय, कुपी कधी फोडली, काही नाही. हे औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, पूड सलाइनमध्ये मिसळून टोचतात, आणि एका कंपनीचं युनिट म्हणजे दुसऱ्या कंपनीचं युनिट नव्हे. म्हणजे बॅच नंबर हवाच. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्णालाही करता येते, फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडियाची १८००-१८०-३०२४ ही निःशुल्क हेल्पलाइन त्यासाठीच आहे आणि फॉर्म मराठीतही मिळतो. मी भरला. बॅच नंबरची जागा रिकामी सोडावी लागली. तुम्ही घेणार असाल तर कुपी समोर फोडायला सांगा आणि लेबलचा फोटो काढून ठेवा. लग्नकार्य महिन्यावर आलं असेल तर पहिल्यांदा घेऊच नका.

मे महिन्यात क्लिनिकचा मेसेज आला, "सहा महिने झाले, टच-अपला या, २० टक्के सूट." मी उलट कळवलं, नोव्हेंबरातल्या औषधाचं नाव आणि बॅच नंबर आधी पाठवा. मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा त्याच दिवशी दिसल्या. उत्तर अजून आलेलं नाही.