जास्पवर रिग्रेशन : एम.एड.च्या वर्गातून एक अभिप्राय

आधी निकाल सांगून टाकते. शिक्षणशास्त्रात किंवा मानसशास्त्रात पीएच.डी. करत असाल, प्रश्नावल्या एक्सेलमध्ये चढवून झाल्या असतील आणि एसपीएसएस या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरचा परवाना ना तुमच्याकडे ना कॉलेजकडे, तर त्याच कामाचं जास्प हे सॉफ्टवेअर डाउनलोड करा. एक रुपया लागत नाही, चोरीची कॉपी शोधत फिरावं लागत नाही आणि निव्वळ रिग्रेशनपुरतं (एका चलाचा अंदाज दुसऱ्या चलांवरून बांधणं) बोलायचं तर नवख्या संशोधकाला ते एसपीएसएसपेक्षा सोपं जातं. मात्र आपल्या क्षेत्रातली सगळ्यात मोठी चूक ते बिनबोभाट करू देतं. बाकी नाही तरी तेवढा भाग वाचा.

मी एम.एड.ला संशोधन पद्धती शिकवते, प्रबंधांना गाईड म्हणून सही करते. आमच्याकडचा रिवाज असा की विद्यार्थी शाळाशाळांतून फिरून जिवापाड मेहनतीनं माहिती गोळा करतो आणि मग ती झेरॉक्सच्या दुकानाशेजारी ‘डेटा अ‍ॅनालिसिस करून मिळेल’ अशी पाटी लावलेल्या कुणाच्या तरी हवाली करतो. तिकडून जाडजूड तक्ते येतात. मौखिकीत बाहेरचे परीक्षक विचारतात, “उपस्थितीचा बी 0.4 आलाय, म्हणजे काय हो?” उत्तर येतं, “सर, सार्थ आलाय,” म्हणजे निव्वळ योगायोग वाटत नाही, एवढंच. यापुढे गाडी सरकत नाही. जास्पचा पहिला फायदा इथेच आहे : ते आपल्या हातानं चालवता येतं. उपस्थितीचा एक दिवस वाढला तर बाकीचे चल तसेच असताना वाचन-आकलनाचा अंदाजित गुण 0.4 नं वाढतो, एवढं वाक्य त्या तक्त्यासमोर बसून चार वेळा म्हटलं की मुलांना ते जन्मभर पुरतं.

हे सॉफ्टवेअर अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठात तयार होतं, मुक्त स्रोत आहे, पडद्यामागची आकडेमोड ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा करते. त्याचं नाव केंब्रिजचे संख्याशास्त्रज्ञ हॅरल्ड जेफ्रिज यांच्यावरून ठेवलंय. आपल्या कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी याच जेफ्रिजांकडे पीएच.डी. केली आणि पुढे पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला. वर्गात हे सांगितलं की मुलं जरा सावरून बसतात, म्हणून इथेही सांगितलं.

वापरायला कसं आहे? एक्सेलची फाईल सीएसव्ही म्हणून सेव्ह करायची आणि उघडायची. प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर छोटं चिन्ह दिसतं : पट्टी म्हणजे अंकीय, पायऱ्यांसारख्या उभ्या दांड्या म्हणजे क्रमवाचक, एकमेकांत अडकलेली वर्तुळं म्हणजे नामवाचक. ही चिन्हं पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. 1 ते 5 गुणांचं विधान असेल तर जास्प त्याला परस्पर क्रमवाचक किंवा नामवाचक ठरवून मोकळं होतं. चिन्हावर क्लिक करून बदलता येतं. मग वरच्या रिग्रेशन बटणातून लिनियर रिग्रेशन निवडायचं. आश्रयी चल (ज्याचा अंदाज बांधायचा तो) एका चौकटीत, अंकीय स्वाश्रयी चल (ज्यांवरून अंदाज बांधायचा ते) ‘कोव्हेरिएट्स’मध्ये, माध्यम किंवा लिंग यांसारखे गट ‘फॅक्टर्स’मध्ये. डावीकडे टिकमार्क केलं की उजवीकडचा तक्ता लगेच बदलतो. ‘ओके’ दाबून वाट बघणं नाही. पालकांचं शिक्षण मॉडेलमध्ये टाकताच गृहपाठाच्या तासांचा सहगुणक (वर आलेला बी) कसा आक्रसतो, हे डोळ्यांसमोर घडतं. चलांवर नियंत्रण ठेवणं म्हणजे काय, हे मी फळ्यावर शिकवत आले होते, पण मुलांना ते त्या हलत्या आकड्यावरून जास्त लवकर उमगतं.

दोन गोष्टींनी नवखा माणूस गोंधळतो. सहगुणकांच्या तक्त्यात सगळ्यात वर नुसत्या इंटरसेप्टची एक ओळ असते, ती रिकाम्या मॉडेलची. आपलं मॉडेल त्याखाली सुरू होतं. आणि फॅक्टरच्या ओळीत प्रमाणित बीटाची जागा रिकामी असते. त्यावरून “मॅडम, सॉफ्टवेअर बिघडलं” असे फोन आलेत. बिघडलेलं नाही. मराठी माध्यम की सेमी-इंग्रजी, याला ‘एक प्रमाण विचलन वाढ’ असा काही अर्थच नसतो. तक्त्याखालची तळटीप हेच सांगते, ती वाचायची असते.

मला सर्वांत आवडतात ते आलेख. अवशेष (खरा गुण वजा अंदाजित गुण) विरुद्ध अंदाजित मूल्यं, अवशेष सामान्य वितरणाचे आहेत का ते दाखवणारा क्यू-क्यू आलेख, एकेका नोंदीचा प्रभाव सांगणारा कुक्स डिस्टन्स, स्वाश्रयी चल एकमेकांत किती गुंतलेत ते सांगणारा व्हीआयएफ, हे सगळं एकेका टिकमार्कवर मिळतं. संख्याशास्त्रज्ञ अँस्कम यांनी 1973 मध्ये दिलेले चार छोटे संच मी मुद्दाम मुलांकडून भरून घेते. प्रत्येकात 11 जोड्या, क्षची सरासरी 9, यची 7.5, सहसंबंध 0.816, रेषाही तीच, 3 अधिक 0.5 क्ष. आलेख काढला की एक संच सरळ, एक वक्र, एकात एकच बिंदू रेषेला वर ओढतोय आणि एकात सगळा डोलारा एका टोकाच्या बिंदूवर उभा. तरीही प्रबंधात आलेख कुणी लावत नाही, तक्तेच लावतात. ते जास्पचं पाप नाही.

आता त्या मोठ्या चुकीचा भाग. समजा 20 वर्गांतली प्रत्येकी 30 मुलं घेतली, न्यादर्श (नमुना) 600. चल आहे शिक्षकाचा अनुभव. लिनियर रिग्रेशनमध्ये टाकलं, पी-मूल्य 0.001 आलं, म्हणजे अगदी सार्थ, पेढे वाटले. पण एका वर्गातली मुलं एकाच शिक्षकाकडे, एकाच गावात, एकाच गळक्या छपराखाली शिकतात. त्यांचे गुण एकमेकांसारखे असतात. हा सारखेपणा, म्हणजे इंट्राक्लास कोरिलेशन, 0.2 धरला तर डिझाईन इफेक्ट येतो 1 + 29 × 0.2, म्हणजे 6.8. सहाशेला त्यानं भागा : 88. शिक्षकाच्या अनुभवाबद्दल बोलताना तुमच्याकडे जेमतेम 88 स्वतंत्र मुलांइतकी माहिती आहे आणि तक्ता मात्र 600 धरून प्रमाण त्रुटी काढतोय. जास्प यावर एक शब्द बोलत नाही. एसपीएसएसही बोलत नाही, पण मुलं ज्याला ‘सोपं’ म्हणून भुलतात त्यानं निदान एकदा टोकायला हवं होतं.

उपाय त्याच पट्टीवर, रिग्रेशनच्या डाव्या हाताला आहे : मिक्स्ड मॉडेल्स, म्हणजे वर्गावर्गांतला फरक हिशेबात धरणारी मॉडेल्स. तिथे वर्ग किंवा शाळा ‘ग्रुपिंग’च्या चौकटीत टाकायची. पण हे पान अंगावर येतं. रँडम उतारांवर (प्रत्येक वर्गाला वेगळा उतार) आपोआप टिकमार्क झालेलं असतं, लहान न्यादर्शात ‘सिंग्युलर फिट’ची, म्हणजे मॉडेल डेटाच्या मानानं फार गुंतागुंतीचं झाल्याची, सूचना झळकते आणि घाबरलेला विद्यार्थी मुकाट्यानं साध्या रिग्रेशनकडे परततो. त्यानं फक्त जास्तीचे उतार काढून इंटरसेप्ट ठेवला असता तरी पुष्कळ झालं असतं.

लिनियर रिग्रेशनच्या ‘मेथड’मध्ये स्टेपवाइज आहे, त्यात कुठले चल ठेवायचे ते सॉफ्टवेअरच ठरवतं. असू द्या, दाबू नका. कुठला चल का घेतला हे तुमच्या प्रकरण दोनमधून, पूर्वसंशोधनाच्या आढाव्यातून यायला हवं.

‘असर’ या मुलांच्या शिक्षणाच्या सर्वेक्षणातल्या वाचन चाचणीसारखं साधन वापरणाऱ्यांसाठी : काहीच नाही, अक्षर, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीचा उतारा या पाच पायऱ्यांना 1 ते 5 अंक देऊन सरळ रेषा बसवू नका. अक्षर ते शब्द आणि शब्द ते उतारा ही अंतरं सारखी नाहीत. जनरलाइज्ड लिनियर मॉडेलमध्ये ऑर्डिनलचा (क्रमवाचक) पर्याय आहे, तो घ्या.

आणि कृतिसंशोधनवाले, तुमच्यासाठी कुठलंच सॉफ्टवेअर कामाचं नाही, जर तुम्ही पूर्वचाचणीत सगळ्यात कमी गुणांची मुलं वेचून, त्यांना उपचारात्मक अध्यापन करून, उत्तरचाचणीत गुण वाढले असं लिहीत असाल. तळाची मुलं दुसऱ्या चाचणीत काहीही न करता थोडी वर येतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टननं 1886 मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीत हेच दाखवलं होतं, रिग्रेशन हे नावही तिथलंच. नियंत्रित गट घ्या, पूर्वचाचणी कोव्हेरिएट म्हणून टाका, मग जास्प उघडा.

बेजियन रिग्रेशनही (आधीच्या अंदाजात डेटाची भर घालून निष्कर्ष काढणारं) त्याच मेनूत मिळतं आणि जास्पची खरी ख्याती त्याचीच. मी स्वतः ते आवडीनं चालवते. पण आमच्या संशोधन समितीपुढे बेज फॅक्टर (डेटा दोन मॉडेल्सपैकी कुणाच्या बाजूनं किती झुकतो तो आकडा) मांडायचा तर शेजारी पी-मूल्य द्यावंच लागतं. अजून काही वर्षं तसंच चालेल असं दिसतं.

फाईलबद्दल सांगायलाच हवं. डेटा, निवडलेले पर्याय, तक्ते आणि मधे लिहिलेल्या टिपा, सगळं एकाच जास्प फाईलमध्ये राहतं. विद्यार्थिनी ती मला पाठवते, मी उघडून तिनं नेमकं काय दाबलंय ते बघते, तक्त्याखाली मराठीत शेरा लिहून परत पाठवते. गाईड म्हणून माझे किती तास यामुळे वाचतात, ते गाईडलाच कळेल. तक्ते वर्डमध्ये एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पद्धतीनं नीट उतरतात, रेघा पुसत बसावं लागत नाही.

तक्रारी किरकोळ. मेनू मराठीत नाही. इन्स्टॉलर जड आहे, आमच्या लॅबमधल्या जुन्या पीसीवर सुरू व्हायलाच चहा होतो. डेटा आतल्या आत दुरुस्त करायची सोय 0.18 आवृत्तीपासून आली, त्यामुळे त्याआधीची कॉपी कुणी दिली तर घेऊ नका. आमच्या कॉलेजच्या मुलांसाठी नवा इन्स्टॉलर मी पेन ड्राइव्हवर ठेवलाय, स्टाफरूममधून घेऊन जा.